वितरित रिलेशनल डेटाबेस : साधने भरपूर, बिघाड कुठे?

पदवीच्या अभ्यासक्रमात वितरित डेटाबेस हा विषय बहुधा शेवटच्या घटकात येतो, आणि शेवटच्या घटकाचे जे होते तेच त्याचे होते : व्याख्या, दोन आकृत्या, टू-फेज कमिटच्या पायऱ्या, की परीक्षा. साधनांची मात्र टंचाई नाही. पाठ्यपुस्तके आहेत, कंपन्यांची मोफत माहितीपाने आहेत, व्याख्यानांचे व्हिडिओ आहेत. तक्रार वेगळी आहे. यांतली बरीचशी साधने सारे सुरळीत चालू असताना काय होते ते शिकवतात. पण डेटा अनेक यंत्रांवर वाटला, की खरा अभ्यास सुरू होतो तो मधला दुवा तुटल्यावर.

सिल्बरशाट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचे ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ बहुतेकांच्या हाताशी असते, यांपैकी एस. सुदर्शन पवईच्या आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. या पुस्तकाची सातवी आवृत्तीच घ्यावी. राफ्ट या एकमत-पद्धतीचा शोधनिबंध २०१४ चा, त्यामुळे त्याआधीच्या आवृत्तीत ती असणे शक्यच नाही. आणि आजचे वितरित रिलेशनल डेटाबेस मोठ्या प्रमाणावर तिच्यावरच उभे आहेत. ग्रंथालयातली जुनी प्रत वाचणाऱ्याला विषयाचा निम्मा भाग दिसतच नाही. पुस्तकाच्या स्लाइड्स मोफत मिळतात, हे त्यातल्या त्यात बरे.

ओझ्सु आणि वाल्डुरिएझ यांचा ग्रंथ १९९१ पासून चालत आला आहे. आडव्या आणि उभ्या तुकड्यांचे बीजगणित इतक्या कसोशीने मांडलेले क्वचितच सापडेल. पण कोणत्या शहरातून कोणती क्वेरी येणार हे रचनाकाराला आधीच ठाऊक आहे, असे ही पद्धत गृहीत धरते. आज टेबलाचे तुकडे बहुधा यंत्रणाच पाडते. म्हणून ते प्रकरण वाचावे, पण परीक्षेपुरते पाठ करून थांबू नये.

दुवा तुटणे म्हणजे यंत्र बंद पडणे, असा समज विद्यार्थ्यांत पक्का असतो. बेंगळुरूच्या के. आर. पुरमचे उदाहरण पाहा. मार्च २०२३ मध्ये व्हाइटफील्ड ते के. आर. पुरम मेट्रो सुरू झाली. पलीकडे बैयप्पनहळ्ळीपासूनची मेट्रो आधीपासून चालू होती. मधला सुमारे दोन किलोमीटरचा तुकडा ऑक्टोबर २०२३ मध्ये जोडला गेला. तोवर दोन्ही भाग व्यवस्थित धावत होते, फक्त एकमेकांना जोडलेले नव्हते. प्रवाशांना बसने जावे लागले, पण मेट्रोत आसन राखीव नसल्यामुळे कोणाचे आसन दोनदा विकले जाण्याचा प्रश्न नव्हता. त्याच के. आर. पुरमच्या रेल्वे स्थानकावर आरक्षणाचे तिकीट काढताना मात्र तो प्रश्न उभा राहतो. एकच बर्थ दोन केंद्रांनी आपापल्या समजुतीने विकला तर? रेल्वेची आरक्षण केंद्रे पाच : दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद. एका गाडीच्या जागांचा हिशेब एका केंद्राकडे ठेवला, की दुवा तुटल्यावर दुसरीकडून त्या गाडीचे तिकीट मिळणार नाही, पण बर्थ दोनदा विकलाही जाणार नाही. तुटलेल्या दुव्याची किंमत किती, हे आपण कोणता नियम मोडू द्यायचा नाही यावर ठरते. कॅप प्रमेयाचा त्रिकोण काढून देणाऱ्या नोट्समध्ये हे वाक्य सहसा नसते.

कंपन्यांची माहितीपाने वाचायला सोपी, आणि तिथेच धोका. कॉक्रोचडीबी आणि योगाबाइटडीबी हे दोन्ही पोस्टग्रेसच्या बोलीत बोलतात, त्यामुळे नवे काही शिकायचेच नाही असे वाटते. पण प्राथमिक की साध्या पद्धतीने दिलेले टेबल कॉक्रोच कीच्या क्रमाने वाटतो, तर योगाबाइट मुळात पहिल्या स्तंभाच्या हॅशने. ‘१०० ते २०० क्रमांकांच्या नोंदी द्या’ ही क्वेरी एकीकडे शेजारच्या नोंदी वाचते, दुसरीकडे सगळे तुकडे धुंडाळते. या पानांवरची प्रात्यक्षिकेही सहसा तीनपैकी एक नोड बंद करून काम कसे चालू राहते ते दाखवतात. ते जाहिरातीला शोभते. तुम्ही दोन बंद करा. उरलेला एकटा नोड डेटा जवळ असूनही उत्तर देणार नाही. का, ते सांगता आले तर राफ्ट समजला. त्यानंतर जेप्सेनचे चाचणी-अहवाल वाचा. या दोन्ही डेटाबेसमध्ये सापडलेल्या चुका तिथे तपशिलाने लिहिलेल्या आहेत.

तीन नोड चालवण्याइतका लॅपटॉप नसेल तर साधे पोस्टग्रेस पुरते. मॅक्स प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स ही सेटिंग मुळात ० असते. ती १० करून सर्व्हर पुन्हा सुरू करा. दोन डेटाबेस घ्या, एका खात्यातून पैसे वजा करा, दुसऱ्यात जमा करा, दोन्हीकडे प्रिपेअर ट्रान्झॅक्शन द्या. एकीकडे कमिट प्रिपेअर्ड देऊन टर्मिनल बंद करा. आता दुसरीकडच्या त्याच ओळीत बदल करू पाहा : आज्ञा नुसती थांबून राहील. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केलात तरी कुलूप जागेवरच. ते व्यवहार कमिट करायचे की मागे घ्यायचे, हे तो डेटाबेस स्वतःहून ठरवू शकत नाही. पहिल्यात काय झाले ते पाहून तुम्हालाच सांगावे लागेल.