आशियाचा अभ्यास आणि अनुदानाच्या अटी : खानदेशातून एक चिकित्सा

प्रास्ताविक

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय आपल्या महाविद्यालयांत राज्यशास्त्राच्या एका प्रश्नपत्रिकेपुरता उरला आहे. संशोधन दिल्ली-मुंबईत व्हावे आणि आपण ते वर्गात शिकवावे, अशी श्रमविभागणी आपण जणू मान्यच केली आहे. या श्रमविभागणीमागे गुणवत्तेपेक्षा अनुदानाच्या अटींचा भाग मोठा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आशियाविषयक संशोधन अनुदाने व पत्रकारांच्या फेलोशिप केवळ पैसा पुरवीत नाहीत. कोणता प्रश्न अभ्यासयोग्य आणि कोणता नाही, हेही त्या ठरवितात. जळगाव-धुळे परिसराच्या संदर्भात या व्यवस्थेची चिकित्सा करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

अनुदानामागील हेतू

परप्रदेशाच्या अभ्यासाला मिळणारा पैसा सहसा राज्यसंस्थेच्या गरजेतून येतो. अमेरिकेने १९५८ मध्ये परकीय भाषा व प्रदेश-अभ्यासांना निधी दिला, तो राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याखाली. हवाईतील ईस्ट-वेस्ट सेंटर १९६० मध्ये अमेरिकी काँग्रेसने स्थापन केले. पत्रकारांसाठीची तेथील जेफरसन फेलोशिप १९६७ पासूनची. जपान फाउंडेशन १९७२ मध्ये उभे राहिले. सिंगापूरमध्ये तेमासेक फाउंडेशनच्या साहाय्याने एशिया जर्नलिझम फेलोशिप २००९ मध्ये सुरू झाली. या योजनांमुळे अनेक अभ्यासकांना व पत्रकारांना शेजारी देश प्रत्यक्ष पाहता आले, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि देणाऱ्याच्या गरजेचा ठसा विषयांच्या यादीवर उमटतोच. सुरक्षा, सागरी मार्ग, महासत्तांची स्पर्धा हे विषय अग्रभागी येतात. शेतमाल, मजूर, बाजार समिती हे विषय मागे पडतात.

भारतातही इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स (१९४३) आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (१९६९) या संस्था आहेत. त्यांची दारे बंद आहेत, असे म्हणता येणार नाही. परंतु इंग्रजी प्रस्ताव, इंग्रजी प्रकाशने आणि मोठ्या ग्रंथालयाचे सान्निध्य ही जणू अलिखित पात्रता असते. एका मुलाखतीत प्रस्तुत लेखकास विचारण्यात आले होते, 'जळगावात राहून पश्चिम आशियाचा अभ्यास कसा करणार?' त्या वेळी उत्तर सुचले नाही. पुढील परिच्छेद हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

खानदेशातील आशिया

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडी परिसरातून सुमारे २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली. आखाती प्रदेशात अशांतता निर्माण झाली की तिची चर्चा आपल्या केळीच्या बागांत होते. ठिबक सिंचनाची कथा याहून बोलकी आहे. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान या कंपनीत निम्मा वाटा घेतला, तर २०१२ मध्ये उरलेलाही घेतला. पुढे २०२३ मध्ये तिचा परदेशांतील सिंचन-व्यवसाय तेमासेकच्या मालकीच्या रिव्ह्युलिसमध्ये विलीन झाला. ज्या सिंगापुरी भांडवलाशी निगडित प्रतिष्ठानाने आशियातील पत्रकारांच्या फेलोशिपला साहाय्य दिले, त्याच भांडवलाशी जळगावचा असा संबंध आला. हा आंतरराष्ट्रीय संबंधांचा विषय नव्हे काय?

इतिहासातही हाच धागा सापडतो. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा व निप्पॉन युसेन कैशा यांच्या सहकार्याने मुंबई-जपान जहाजमार्ग सुरू झाला, तो मुख्यतः कापसासाठी. आखूड धाग्याच्या भारतीय कापसावर जपानच्या गिरण्या वाढल्या. या व्यापारात खानदेशच्या बाजारपेठांचा वाटा किती होता, येथील शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, हे प्रश्न आपल्या एम.फिल. वा पीएच.डी.च्या विषयसूचीत क्वचितच दिसतात. तेथे 'भारत-चीन संबंध : एक अभ्यास' असे शीर्षक मात्र सहज मान्य होते.

मराठी लेखनाचा अनुभव

मराठीत आशियावर लेखन झालेच नाही, असे नाही. पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग', अरुण साधू यांचे चिनी क्रांतीवरील 'आणि ड्रॅगन जागा झाला', काबूलमधील वास्तव्यातून आलेले प्रतिभा रानडे व फिरोज रानडे यांचे लेखन ही ठळक उदाहरणे होत. या लेखनामागे लेखकाची जिज्ञासा, वाचन किंवा योगायोगाने घडलेला सहवास आहे. त्यामुळे त्यात ताजेपणा आहे. पण एका लेखकाचे काम पुढच्याने हाती घ्यावे, अशी परंपरा निर्माण झाली नाही. जिज्ञासेला संस्थेचा आधार लागतो, तो येथे मिळाला नाही.

या संदर्भात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे स्मरण अपरिहार्य आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला खंड पानिपतपूर्व काळातील पत्रव्यवहाराचा आहे. अब्दालीच्या हालचाली, दिल्ली दरबारातील राजकारण यांची बातमी देणारी ती पत्रे एका अर्थाने मराठीतील आंतरराष्ट्रीय वार्तांकनच होय. राजवाडे यांनी आग्रहाने मराठीत लिहिले. १९२६ मध्ये त्यांचे निधन धुळ्यात झाले आणि पुढील वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. मात्र त्यांच्या विपन्नावस्थेचा गौरव करून अनुदानाची गरज नाकारणे योग्य होणार नाही. एका व्यक्तीचा त्याग हे संशोधनाचे धोरण होऊ शकत नाही. त्यांच्यापासून घ्यायचे ते एवढेच, की त्यांचा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता.

समारोप

विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघुसंशोधन प्रकल्प बाराव्या योजनेनंतर थांबले; एम.फिल. २०२२ च्या नियमावलीने बंद झाली. ग्रामीण प्राध्यापकाच्या दृष्टीने संशोधनाच्या या पहिल्या पायऱ्याच होत्या. त्या असताना आपण त्यांचा उपयोग बहुतांशी दुय्यम साधनांच्या संकलनासाठी केला, हा दोष आपल्याही माथी येतो. विद्यापीठाने व संस्थाचालकांनी अल्प रकमेचे, मराठी प्रस्ताव स्वीकारणारे आणि क्षेत्रकार्य अनिवार्य करणारे अनुदान सुरू करावे. जिल्हा दैनिकांतील वार्ताहरास प्राध्यापकासोबत संयुक्तपणे काम करण्याची मुभा त्यात असावी. निर्यातदाराची कागदपत्रे, बाजार समितीच्या नोंदी, आखातातून परतलेल्या कामगारांच्या मुलाखती ही साधने येथेच आहेत. त्यांसाठी दिल्लीच्या ग्रंथालयाची वाट पाहावी लागत नाही.

जळगावात राहून पश्चिम आशियाचा अभ्यास होऊ शकतो. काही प्रश्नांच्या बाबतीत तर तो जळगावातूनच व्हावयास हवा. तो न झाल्यास केळीचा भाव आखातातील घडामोडींनी का कोसळला, हे आपल्या विद्यार्थ्याला इतरांनी, इतरांच्या सोयीने सांगितलेलेच ऐकावे लागेल; आणि तो विद्यार्थी बहुधा त्याच केळी उत्पादकाच्या घरचा असेल.