‘वापर : शून्य’ म्हणजे नक्की किती?

माझ्या पीएच.डी.चा विषय सांगितला की समोरचा माणूस आधी थोडा वेळ गप्प बसतो. मग विचारतो, "म्हणजे लायब्ररीत कोण काय वाचतं ते तू मोजतेस?" हो, साधारण तेच. त्यातही छापील नियतकालिकं, म्हणजे जर्नल्स. ती घरी नेऊ देत नाहीत, तिथेच बसून वाचायची असतात. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी इकडे कशी वळले याचं उत्तर एका यादीत आहे. आज त्या यादीबद्दल, आणि ती ज्या पद्धतीने तयार झाली त्या पद्धतीबद्दल लिहिते.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या ग्रंथालयाच्या नियतकालिक कक्षात टेबलांवर पाट्या आल्या : ‘वाचून झालेले अंक कृपया रॅकमध्ये ठेवू नयेत, टेबलावरच ठेवावेत.’ पंधरा दिवस. कक्ष सांभाळणारे मामा (सगळे त्यांना मामाच म्हणायचे) रोज संध्याकाळी टेबलांवरचे अंक गोळा करायचे, वहीत त्या त्या नावापुढे रेघ मारायचे, चार उभ्या आणि पाचवी आडवी, आणि अंक जागेवर लावून टाकायचे. महिन्याभराने सूचनाफलकावर यादी लागली. ज्यांच्यापुढे ‘वापर : शून्य’ होतं, त्यांची वर्गणी पुढच्या वर्षापासून बंद. त्यात एक नियतकालिक असं होतं जे मी दर आठवड्याला चाळत होते.

पाटी मी वाचली होती का? हो. तरी अंक रॅकमध्येच ठेवत होते का? तेही हो. ‘घेतलेली वस्तू जागेवर ठेव’ हे लहानपणापासून इतकं अंगात मुरलेलं, की जेवण झाल्यावर ताट उचलावं तसा हात आपोआप रॅककडे जायचा. म्हणजे त्या शून्यात मी होते, पंधरवड्यात निदान दोनदा.

आता तुम्ही म्हणाल, एका मुलीची सवय, त्यावरून पद्धत कशी चुकीची? बरोबर आहे. म्हणून माझी गोष्ट बाजूला ठेवू आणि पद्धतीकडेच बघू.

ही मोजणी जगभर चालते आणि तिच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. खर्च जवळजवळ नाही, यंत्र लागत नाही, वाचकाच्या खाजगीपणाला धक्का लागत नाही. शिवाय पुस्तकांना निदान देवघेवीची नोंद असते, कोणतं पुस्तक कधी घरी गेलं ते कळतं. नियतकालिकं घरी जातच नाहीत, त्यामुळे मागे काहीच उरत नाही. टेबलावर राहिलेला अंक हीच काय ती खूण.

या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचा. ॲलन केंट आणि सहकाऱ्यांनी तो १९७९ साली ग्रंथरूपात छापला. १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं १९७५ संपेपर्यंत एकदाही घरी गेली नव्हती, हा त्यातला निष्कर्ष आजही लोक तोंडपाठ सांगतात. पण ग्रंथालयात बसून वाचलेल्या पुस्तकांचं काय? त्यासाठी त्यांनी काही नमुना-दिवस निवडून टेबलांवर राहिलेली पुस्तकं मोजली. ती बहुतेक देवघेवीत दिसलेलीच निघाली, तेव्हा देवघेवीवरून एकूण वापराचा अंदाज बांधायला हरकत नाही, असा त्यांचा सूर होता. त्यावर वाद झाला, त्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकांनीही आक्षेप घेतले. मला स्वतःला तो अभ्यास आवडतो. आपल्याकडे अंदाजाने बोलायची पद्धत आहे, त्यांनी निदान आकडे मांडले. पण जागेवरच्या वाचनाच्या बाबतीत त्यांनी आकड्यांवर पेलवेल त्यापेक्षा जास्त भार टाकला असं मला वाटतं. माणूस कपाटापाशी उभा राहून चार पानं बघतो, हवं ते टिपून घेतो आणि पुस्तक परत ठेवतो. टेबलांची पाहणी करणाऱ्याला हे वाचन दिसणारच नाही, आणि न दिसणारं वाचन दिसणाऱ्यासारखंच असतं हे गृहीत कशावरून धरायचं?

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. त्यासाठी थोडं गणित लागेल, घाबरू नका.

समजा एक नियतकालिक वर्षातून १० वेळा वाचलं जातं आणि ग्रंथालय २०० दिवस उघडं असतं. पंधरा दिवसांच्या मोजणीत ते किती वेळा दिसायला हवं? सरासरी पाऊण वेळा. पाऊण वेळा तर काही दिसत नाही, एकतर शून्यदा दिसेल नाहीतर एकदा-दोनदा. पॉयसाँच्या सूत्रात ०.७५ घातलं की शून्यदा दिसण्याची शक्यता ४७ टक्के येते. म्हणजे वर्षातून दहा वेळा उघडलं जाणारं नियतकालिक निव्वळ नाणं उडवल्यासारखं ‘शून्य’ ठरू शकतं. हे सगळे वाचक पाटीचं ऐकतात असं धरून. माझ्यासारखे निम्मे असतील तर शक्यता ६९ टक्क्यांवर जाते. आणि वाचन असं सुटं सुटं होत नाही. एखादा विद्यार्थी सेमिनारच्या आदल्या दिवशी येतो आणि सहा अंक एकदम काढतो. अशा झुंडीने होणाऱ्या वापरात शून्याची शक्यता आणखी वाढते.

उलट बाजूने बघा. पंधरा दिवसांत एकही नोंद नाही, तर खरा वापर जास्तीत जास्त किती असू शकेल? संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा नियम आहे : तीनला दिवसांच्या संख्येने भागा. ३ भागिले १५ म्हणजे दिवसाला ०.२, २०० दिवसांचे ४०. ‘वापर : शून्य’ याचा ९५ टक्के खात्रीने काढलेला अर्थ ‘वर्षाला ० ते ४० मधलं काहीही’ असा होतो. प्रयोगशाळेत मी असा आकडा लिहिला असता तर सरांनी वही परत दिली असती.

आता ज्या नियतकालिकाला रोज कुणीतरी हात लावतं त्याचं काय? ते पंधरा दिवसांत साधारण पंधरा वेळा दिसायला हवं. निम्म्या लोकांनी पाटी पाळली नाही तरी सात-आठ वेळा दिसेलच. म्हणजे टेबलावरची मोजणी जास्त वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकांच्या बाबतीत चांगली चालते. अडचण खालच्या टोकाला आहे. आणि ग्रंथालयं नेमका निर्णय घेतात तो खालच्या टोकाबद्दल! वरची दहा नावं काय, ती मोजणी न करताही मामांनी सांगितली असती. माझी तक्रार मोजण्याबद्दल नाही. ज्या टोकाला माप आंधळं आहे त्याच टोकाला कात्री लावायची, याबद्दल आहे.

यावर उपाय म्हणून बारकोड स्कॅनर सुचवतात. कोहा या मोफत ग्रंथालय-प्रणालीत ‘स्थानिक वापर’ नोंदवायची सोय आहेच : कुणालाही न दिलेली वस्तू ‘परत’ म्हणून स्कॅन केली की, तशी सेटिंग चालू असेल तर, ती जागेवर वापरली गेली अशी नोंद होते. रेघांच्या वहीपेक्षा हे कितीतरी बरं, मोजणी वर्षभर चालू ठेवता येते. पण बऱ्याच ग्रंथालयांत दाखल-क्रमांक आणि बारकोड मिळतो तो बांधीव खंडाला. या महिन्याचा सुटा अंक, जो सगळ्यात जास्त हाताळला जातो, त्याच्यावर बारकोडच नसतो. आणि टेबलावरून रॅकमध्ये परस्पर गेलेला अंक स्कॅनरला तरी कसा दिसणार?

नॅकच्या अहवालात ग्रंथालयाच्या रोजच्या वापराची टक्केवारी मागतात, पण ती दारातून आत आलेल्या माणसांची आणि ऑनलाइन लॉगिनची. आत येऊन कुणी काय उघडलं ते तिथे येत नाही.

दुसरी एक तुलना मला याहून जास्त खटकते. छापील अंकाला पंधरवड्यात दोन रेघा, आणि त्याच विषयाच्या ई-जर्नलची डाउनलोड्स महिन्याला तीनशे, असा तक्ता बैठकीत ठेवला जातो. हे आकडे एका मापाचे नाहीत. रेघ पडते ती अख्ख्या अंकाला, डाउनलोड मोजलं जातं ते एका लेखाचं. मी अंक उघडून तीन लेख वाचले तरी रेघ एकच. उलट ऑनलाइन एकच लेख आधी पडद्यावर उघडला आणि मग पीडीएफ उतरवली की मोजणीत दोन. हे ‘काउंटर’ या आंतरराष्ट्रीय मानकालाही मान्य झालं, म्हणून २०१९ पासूनच्या त्यांच्या पाचव्या आवृत्तीत एका बैठकीत एक लेख एकदाच धरणारा वेगळा आकडा आला. तक्त्यात कुठला आकडा घेतलाय हे विचारणारं बैठकीत कुणीतरी हवं.

‘आता सगळं ऑनलाइन मिळतं, छापील कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं येतात. त्यातल्या एखाद्याचा छापील अंक कुणी बंद केला तर मी भांडणार नाही. जागा, बांधणीचा खर्च, दरवर्षी वाढणारी वर्गणी हे ग्रंथपालांचे खरे प्रश्न आहेत. पण वाईहून निघणारं ‘नवभारत’, पुण्याचं ‘भाषा आणि जीवन’ यांच्यासारखी मराठी नियतकालिकं त्या योजनेत नाहीत. त्यांचे वाचक मुळातच कमी, म्हणजे ती आपोआप आंधळ्या टोकाला. एक वर्ष वर्गणी थांबली की संचात खड्डा पडतो, आणि पुढे तेवढे अंक मिळवायला निघालात तर कळतं की ते किती अवघड आहे.

मग काय करावं? पंधरा दिवस सलग मोजण्यापेक्षा तेच पंधरा दिवस वर्षभर विखरावेत : काही सत्राच्या सुरुवातीला, काही प्रबंध द्यायच्या धांदलीत, काही सुट्टीत. शून्य आलेल्या शीर्षकांवर लगेच निर्णय न घेता फक्त त्यांच्यावर दुसरी, स्वस्त तपासणी लावावी. अंकाच्या आत पातळ चिठ्ठी अशी ठेवायची की उघडल्यावर ती हलेल, महिन्याने बघायचं. वाचकाने अंक जागेवर ठेवला तरी खूण राहते. कुणी किती वेळा उघडला ते कळत नाही, एकदा तरी उघडला एवढंच कळतं, पण खालच्या टोकाला आपल्याला तेवढंच तर हवंय.

संशोधनाच्या निमित्ताने गेल्या वर्षी मी त्या कक्षात परत गेले आणि मामांना ती वही मागितली. "ताई, वही कशाला," ते म्हणाले, "एक रिटायर सर होते, दर शनिवारी यायचे. उभ्यानेच वाचायचे, गुडघे दुखतात म्हणून बसायचे नाहीत. त्यांचा अंक बंद झाला तसे तेही यायचे बंद झाले." ते नियतकालिक कोणतं, असं विचारलं. माझंच होतं.

तुमच्या कॉलेजात किंवा विद्यापीठात अशी मोजणी झाली असेल तर ती कोणत्या महिन्यात आणि किती दिवस केली, एवढं मला जरूर कळवा. आकडे नसले तरी चालतील, सध्या मी तारखाच गोळा करते आहे.