‘पाणी येते का?’ : विकासकार्याच्या मूल्यमापनातील एका प्रश्नवाक्याची चिकित्सा

विकासकार्याचे मूल्यमापन हा विषय सामान्यतः अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ ह्यांच्या अधिकारातील समजला जातो. भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालावे, ह्याचे कारण साधे आहे. पाहणीच्या अहवालात अखेरीस जी टक्केवारी छापली जाते, तिचा उगम कोणीतरी कोणासतरी विचारलेल्या प्रश्नात असतो. म्हणजे मोजण्याचे पहिले साधन वाक्य हे होय. ते वाक्यच संदिग्ध असेल, तर नमुना कितीही काळजीपूर्वक निवडला आणि गणित कितीही बिनचूक केले, तरी हाती येणारा आकडा नेमके काय मोजतो हे सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात अशा एकाच वाक्याची तपासणी करावयाची आहे.

आपल्याकडे ह्या विद्येची परंपरा जुनी आहे. गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून झालेल्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची धनंजयराव गाडगीळ ह्यांनी केलेली पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला आणि त्याच वर्षी नियोजन मंडळात स्वतंत्र कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली. तिचे काम २०१५ मध्ये नीति आयोगातील विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालयाकडे गेले. ह्या सहा दशकांत नमुना निवडण्याच्या आणि आकडे पडताळण्याच्या पद्धती पुष्कळच सुधारल्या. प्रश्नाच्या भाषेकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. प्रश्न बहुधा प्रथम इंग्रजीत तयार होतो, मागाहून त्याचे मराठी केले जाते, आणि भाषांतर झाले म्हणजे भाषेचे काम संपले असे मानले जाते.

उदाहरणासाठी मालगुंड हे गाव घेऊ. रत्नागिरी तालुक्यातील, गणपतीपुळ्याच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेले हे गाव केशवसुतांचे जन्मस्थान म्हणून सर्वांस परिचित आहे. ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) लिहिणारे मोरो केशव दामले हे केशवसुतांचे धाकटे बंधू. तेव्हा मराठी क्रियापदाची चर्चा ह्या गावाच्या निमित्ताने करणे अप्रस्तुत ठरू नये. मालगुंडच्या पाणीपुरवठ्याविषयी येथे कोणताही निष्कर्ष काढावयाचा नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील वाड्यावाड्यांचे गाव, एवढ्याच अर्थाने ते येथे अभिप्रेत आहे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मोहिमेचे उद्दिष्ट प्रत्येक ग्रामीण कुटुंबास कार्यात्मक नळजोडणी देणे हे आहे. माणशी दररोज किमान ५५ लिटर, ठरावीक गुणवत्तेचे पाणी नियमितपणे व दीर्घकाळ मिळाले, तर जोडणी कार्यात्मक समजावी, अशी तिची व्याख्या आहे. व्याख्या म्हणून ती निर्दोष आहे. अडचण तिचा प्रश्न करताना येते. ‘नळ कार्यात्मक आहे का?’ हे वाक्य घरात कोणी बोलत नाही. ‘नळ चालू आहे का?’ असे विचारावे, तर मराठी माणूस तोटी उघडी राहिली की काय म्हणून पाहावयास जातो. म्हणून पाहणी करणारा साहजिकच ‘नळाला पाणी येते का?’ ह्या वाक्यावर येऊन थांबतो. हे वाक्य सुबोध आहे आणि सर्व दोषही त्या सुबोधपणाच्या आड दडलेले आहेत.

प्रथम क्रियापद पाहू. ‘येते’ हे रूप वर्तमानकाळाचे. पण वर्तमानकाळाचा रीतिवाचक उपयोग मराठीत सर्रास होतो. ‘सूर्य पूर्वेस उगवतो’ हे नित्य सत्य ह्याच काळात सांगितले जाते आणि ‘मुंबईचा भाऊ गणपतीला येतो’ हे वर्षातून एकदा घडणारे कार्यही त्याच काळात सांगितले जाते. भाऊ वर्षातून आठच दिवस घरी असला तरी दुसरे वाक्य खोटे ठरत नाही. त्याच न्यायाने पाणी रोज येवो, दिवसाआड येवो की पावसाळ्यानंतरचे काही महिने येवो, ‘येते’ हे उत्तर खरेच राहते. व्याख्येतील ‘नियमितपणे’ आणि ‘दीर्घकाळ’ ह्या दोन अटी भाषांतरात गळत नाहीत, क्रियापदात विरघळून जातात.

कोकणात ह्या विरघळण्याची किंमत अधिक आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु सच्छिद्र जांभ्यातून आणि उतारावरून ते पाणी लवकर वाहून जाते. कार्तिकात तुडुंब असलेली विहीर वैशाखात तळ दाखवू लागते. त्यामुळे एकच प्रश्न नोव्हेंबरात विचारला तर एक उत्तर आणि मे महिन्यात विचारला तर दुसरे उत्तर येऊ शकते. दोन्ही उत्तरे प्रामाणिक असतात.

रॉबर्ट चेंबर्स ह्यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात ग्रामीण पाहणीतील पूर्वग्रहांची मांडणी केली आहे. पाहणी करणारे पक्क्या रस्त्याच्या कडेने, सोयीच्या माणसांकडे आणि कोरड्या ऋतूत जातात. गरिबाचा खरा कठीण काळ जो पावसाळा, तो त्यांच्या दृष्टीस पडत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. रस्ता आणि माणसे ह्यांविषयीचा मुद्दा कोकणास पूर्णपणे लागू आहे. ऋतूचा मुद्दा मात्र पाण्याच्या बाबतीत उलटा करून घ्यावा लागतो, कारण येथे कठीण काळ कोरड्या ऋतूच्या अखेरीस येतो. परदेशी पद्धतीचे तत्त्व घ्यावे, तिचे पंचांग घेऊ नये, हा ह्यातील बोध होय.

आता नळ कोणाचा, हे पाहू. मोजणीचे एकक ‘कुटुंब’ आहे. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे कुटुंब. पण चाकरमान्यांच्या जिल्ह्यात एका घराच्या दोन चुली असतात, एक गावी आणि एक मुंबईस. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली, आणि त्या वेळी दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या अकराशेहून अधिक होती. ह्या आकड्यांमागे बंद घरे आहेत आणि वृद्ध माणसे राहात असलेली घरेही आहेत. बंद घराचा नळ हिशेबात धरला तर जोडण्यांची संख्या वाढते, पाणी पिणाऱ्यांची वाढत नाही. उलट शिमग्याला, गणपतीत आणि मे महिन्याच्या सुटीत तेच घर माणसांनी भरते. माणशी ५५ लिटरचा भागाकार करताना भाजक कोणत्या दिवशीचा धरावयाचा, हे प्रश्नावलीने सांगितले पाहिजे.

‘गाव’ हा शब्दही असाच सरासरीचा आहे. किनाऱ्याजवळची सखल वाडी आणि सड्यावरची वाडी कागदोपत्री एकाच गावात मोडतात. खालच्या वाडीत पाणी पोहोचते आणि वरच्या वाडीत पोहोचत नाही, अशी स्थिती असली तर गावाची टक्केवारी दोन्ही वाड्यांविषयी सारखीच असत्य बोलते.

उत्तर देणाऱ्यास आपण काय म्हणतो, ह्याचाही उत्तरावर परिणाम होतो. ‘लाभार्थी’ ह्या शब्दाचा व्युत्पत्तीने अर्थ लाभाची इच्छा करणारा असा आहे. शासनव्यवहारात तो ज्यास लाभ झाला त्यास लावला जातो. म्हणजे लाभ झाला की नाही हे ज्यास विचारावयाचे, त्याचे उत्तर त्याच्या नावातच देऊन ठेवलेले असते. शिवाय ‘मूल्यमापन’ हा शब्द ग्रामस्थाच्या कानी ‘तपासणी’ म्हणून पडतो. तपासणीस आलेल्या माणसापुढे गावाची लाज राखावी, सरपंचास अडचणीत आणू नये, पुढील योजना हातची जाऊ नये, ही त्याची भावना समजण्यासारखी आहे. त्यातून ‘येतं, पण...’ असे अर्धवट वाक्य बाहेर पडते. तक्त्यात ‘होय’ आणि ‘नाही’ अशी दोनच घरे असल्याने ‘येतं’ हे ‘होय’ म्हणून नोंदले जाते आणि ‘पण’ नंतरचे सर्व कागदाबाहेर राहते. आमच्या मते ग्रामीण मूल्यमापनाचे निम्मे सत्य ह्या ‘पण’ च्या पलीकडे असते.

ह्यावर एक सबळ आक्षेप आहे. हजारो गावांची तुलना करावयाची तर प्रश्न सर्वत्र एकच हवा. प्रत्येक गावाच्या बोलीप्रमाणे तो बदलू लागला तर तुलनाच संपेल, असे संख्याशास्त्रज्ञ म्हणतील. हा आक्षेप आम्हांस अर्धा मान्य आहे. एकसारखा असावयास हवा तो अर्थ, वाक्य नव्हे. कोकणात जेथे विहिरीस ‘बाव’ म्हणतात तेथे ‘बाव’ म्हटल्याने तुलना बिघडत नाही. उलट काळ मोकळा सोडलेले एकच वाक्य सर्वत्र विचारल्याने दिसणारी समानता केवळ अक्षरांची असते.

तेव्हा सुचवावयाचे ते थोडकेच आहे. रीतिवाचक क्रियापद टाळून घडलेली गोष्ट विचारावी : ‘काल नळाला पाणी आले का? किती वेळ?’ हा प्रश्न वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर एकदा आणि मृगापूर्वी एकदा, त्याच घरी विचारावा. मागील उन्हाळ्याविषयी विचारताना महिन्याच्या आकड्याऐवजी शिमगा, अक्षय्य तृतीया अशा खुणा द्याव्यात. स्मरण त्यामुळे अचूक होतेच असे नाही, पण त्यास आधार मिळतो. लिटरऐवजी हंडा आणि कळशी विचारावी, आणि त्या त्या घरच्या भांड्याचे माप घेऊन लिटर कचेरीत काढावेत. घरात पाणी भरते कोण, हे आधी विचारून पुढचे प्रश्न त्या व्यक्तीस विचारावेत. नोंद वाडीवार ठेवावी. आणि तक्त्यात ‘पण’ साठी एक ओळ राखावी. ह्याने खर्च वाढेल, आणि यशाची टक्केवारी कदाचित कमी होईल.

त्या कमी टक्केवारीची भीती बाळगण्याचे कारण नाही. चुकीच्या ‘होय’ मुळे एखादी वाडी अपूर्ण कामांच्या यादीतून निघून गेली, तर तिच्याकडे पुन्हा कोणाचे लक्ष जात नाही. कारण कागदावर तिची गरज भागलेली असते. पुढच्या वैशाखात सड्यावरून खाली उतरून हंडा भरून आणणाऱ्या बाईस अहवालातील आकडा खोटा आहे हे ठाऊक असते. प्रश्न नीट विचारला असता, तर ते अहवाल लिहिणाऱ्यासही ठाऊक झाले असते.