नामावलीपलीकडचे धर्मगुरू

धर्मग्रामाचा रौप्यमहोत्सव किंवा सुवर्णमहोत्सव जवळ आला की स्मरणिका समिती नेमली जाते, जाहिराती गोळा होतात, महागुरुस्वामींचा शुभसंदेश मागवला जातो आणि मग कोणी एक शिक्षक गृहस्थ ‘आमच्या धर्मग्रामाचा इतिहास’ लिहावयास बसतात. बारामती काय, इंदापूर काय किंवा दौंड काय, पुणे धर्मप्रांताच्या ग्रामीण भागात हा लेख ज्या साच्यातून निघतो तो आमच्या वाचकांच्या चांगला परिचयाचा आहे. अमुक साली अमुक फादर आले, त्यांनी जागा घेतली. त्यांच्यानंतरच्या फादरांनी देवळावर पत्रे घातले. त्यानंतरच्यांनी शाळा काढली. शेवटी ‘आजवरचे आमचे धर्मगुरू’ या मथळ्याखाली टिकलीएवढ्या छायाचित्रांची रांग. या लेखनाला कोणी वाङ्मय म्हणत नाही, म्हणून त्याची समीक्षाही कोणी करीत नाही. आम्ही ती करू इच्छितो. आमच्या बहुतेक घरांत आपल्या समाजाचा एवढाच छापील इतिहास असतो आणि तो बायबलशेजारी फडताळात जपून ठेवलेला असतो.

नामावली ही तुच्छ वस्तू आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आयर्लंडचे उदाहरण पाहावे. तेथे कॅथलिकांविरुद्धचे जाचक कायदे जारी असताना 1704 साली प्रत्येक कॅथलिक धर्मगुरूने सरकारदरबारी नाव नोंदवावे असा हुकूम झाला. नाव, वय, राहण्याचे ठिकाण, धर्मग्राम, गुरुदीक्षा कोठे, केव्हा व कोणाच्या हस्ते झाली हे सर्व लिहून द्यावयाचे आणि पन्नास पन्नास पौंडांचे दोन जामीन आणावयाचे. अशा 1,089 धर्मगुरूंची नोंद झाली. छळासाठी केलेली ही यादी पुढे आयरिश इतिहासकारांचे मोठे साधन ठरली. 1905 साली विल्यम कॅरिगन या धर्मगुरूने ऑसरी धर्मप्रांताचा इतिहास चार खंडांत प्रसिद्ध केला, तोही एकेक धर्मग्राम घेऊन त्या त्या ठिकाणच्या धर्मगुरूंची परंपरा लावीत लावीतच पुढे जातो.

परंतु आयरिश खेड्यातील धर्मगुरू बहुधा त्याच मातीतला असे. त्याचे आडनाव शेजारच्या शेतकऱ्याचेच. जामीन राहणारेही आसपासचेच. नुसते नाव वाचले तरी वाचकाला त्याचे घर, त्याची बोली, त्याचे नातलग डोळ्यांपुढे दिसत. आमच्याकडे तसे नाही. आमचे पहिले धर्मगुरू समुद्रापलीकडून आले. नाव वाचून आम्हांस काहीच उमगत नाही. म्हणून आयर्लंडात जी यादी पुरेशी ठरते ती आमच्याकडे मुकी राहते.

हे मुकेपण किती महाग पडते याचा दाखला नगरकडचा घ्यावा लागतो, कारण पुणे धर्मप्रांतातील ग्रामीण मिशनची कथा मुख्यतः तेथली आहे. 1878 च्या सुमारास येशूसंघीय फादर ओटो वाईशॉप्ट राहुरी तालुक्यात वळण–केंदळच्या बाजूस आले. पुणे धर्मप्रांत स्थापन झाला तो त्यानंतर, 1886 साली. 1903 साली केंदळ येथूनच फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. एका जर्मन माणसाने नदीकाठच्या खेड्यात बसून मराठी मासिक काढावे, ही गोष्ट आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात एका ओळीत उरकण्याजोगी नाही. हेच डोरिंग 1907 साली पुण्याचे बिशप झाले. पुढे पहिले महायुद्ध आले, ते आपल्या धर्मप्रांतापासून दुरावले, 1921 साली जपानमध्ये हिरोशिमा येथे नेमले गेले आणि 1927 साली पुन्हा पुण्याच्या गादीवर आले. स्मरणिकेच्या भाषेत या सगळ्याचे ‘त्यांची बदली झाली’ एवढेच होते.

त्या युद्धात जर्मन येशूसंघीयांना ब्रिटिश सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून नजरकैदेत ठेवले व पुढे पुष्कळांना मायदेशी पाठवले. जर्मनांना डांबण्याचा मोठा तळ नगरलाच होता, हा योगायोग विचित्र खरा. फादर गेले, मग खेड्यापाड्यांतील रविवारची प्रार्थना कोणी चालवली? मरणासन्न माणसाच्या उशाशी कोण बसले? लहान मुलांना ‘आमच्या स्वर्गातील बापा’ कोणी शिकवले? उरलेले मोजके धर्मगुरू सर्वत्र पोहोचणे अशक्य होते. ते काम मास्तरांनी केले. दिवसा शाळा, संध्याकाळी धर्मशिक्षण, रात्री वस्तीवर प्रार्थना, आणि फादर येणार असले की आधी जाऊन वर्दी देणे ही सर्व मास्तरांची कामे. आमच्या इतिहासलेखनात मास्तरांना जागा मिळते ती बहुधा शेवटच्या परिच्छेदात, ‘यांचेही सहकार्य लाभले’ या शब्दांत. आमच्या मते हा निव्वळ विसर म्हणून सोडून देता येणार नाही. धर्मगुरूलाच इतिहासाचा कर्ता मानले की बाकी सर्व माणसे आपोआप सहकारी होतात. व्याकरणच तसे लावलेले असते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. नगरचे मिशन उभे राहिले तो काळ 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळाला लागून आहे, आणि जे लोक ख्रिस्ती झाले त्यांतील फार मोठा भाग महार व मांग समाजांतील होता. हे दोन्ही मुद्दे जाणकारांस ठाऊक आहेत. तरीही स्मरणिकेत ‘दुष्काळ’ हा शब्द चोरपावलांनी येतो आणि जातीचा शब्द येतच नाही. ‘येथील गोरगरीब जनतेने प्रभूचा स्वीकार केला’ असे एक गुळगुळीत वाक्य येते. आम्ही यामागची भीती समजू शकतो. ‘तुम्ही धान्यासाठी बाटलात’ हा टोमणा आमच्या आजोबांनी ऐकला, आम्हीही ऐकला. पण टोमण्याला उत्तर म्हणून आपल्याच पूर्वजांचे तोंड बंद करावे काय? गावाने ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांच्या दारात परका मनुष्य येऊन बसला, त्यांच्या ताटात जेवला, त्यांच्या पोरांना पाटी दिली. याचा त्यांच्या मनावर काय परिणाम झाला असेल? यात भाकरीही होती आणि मानही होता, आणि ते दोन्ही मागण्यात लाजण्यासारखे काही नव्हते. हे लिहिल्याखेरीज त्या धर्मगुरूचे काम नेमके कोणते होते हेच वाचकाला कळत नाही.

लेखनाचा नमुना शोधावयास फार दूर जावयास नको. ज्या राहुरी तालुक्यात वळण आणि केंदळ आहेत त्याच तालुक्यातील ताहराबादच्या महिपतींनी 1762 साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला. संतचरित्रकार म्हणून महिपती श्रद्धाळू आहेत, चमत्कारांना ते मागेपुढे पाहत नाहीत. तरी त्यांच्या तुकोबांच्या घरात बायकोचा त्रागा ऐकू येतो, रिकामे रांजण दिसतात, सावकार दारात येतो. संताचे मोठेपण ते संसाराच्या पार्श्वभूमीवर दाखवतात, त्यामुळे ते पटते. आमच्या स्मरणिकांतील धर्मगुरूंना मात्र कधी ताप येत नाही, त्यांचे मराठी कधी चुकत नाही, पंचमंडळींशी त्यांचे कधी वाजत नाही. सर्वच ‘मनमिळाऊ व कष्टाळू’. एकाचे नाव काढून दुसऱ्याचे घातले तरी परिच्छेद तसाच चालेल. धर्मगुरूंचा आदर म्हणून हे केले जाते, पण ज्याच्या चरित्रात कोणतीही अडचण नाही त्याचा त्यागही वाचकाला दिसत नाही. भर उन्हात काळ्या रानातून वस्तीवर गेलेल्या माणसाला निदान तहान तरी लागू द्यावी.

बारामती–इंदापूरचा इतिहास लिहिणाऱ्याला आणखी एक पेच सोडवावा लागेल. हा प्रदेश नीरा, कऱ्हा आणि भीमा यांच्यामधला. 1880 च्या दशकात नीरेचा डावा कालवा निघाला, ऊस आला. 1930 च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले. पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर असे सहकारी कारखाने झाले. अशा मुलखात कामासाठी माणसे येतात, जातात, काही राहतात. येथील धर्मग्रामाची कथा म्हणूनच एका ठिकाणी रुजलेल्या झाडाची नाही. धर्मगुरू बदलत राहिले, तसे धर्मग्रामस्थही बदलत राहिले. आयर्लंडच्या खेड्यांत जाचक कायद्यांच्या काळापासून घरोघरी पाळीपाळीने मिस्सा करण्याची चाल होती. आमच्याकडेही दूरच्या वस्तीवर कोणाच्या तरी ओसरीवरच वेदी मांडली जाते. ती ओसरी कोणाची होती, त्या बाईने चादर कोठून आणली, तिच्या शेजारणी काय म्हणाल्या, हे विचारणारा इतिहासकार आम्हांस हवा आहे.

यात घाई करण्यासारखे एक कारण आहे. 1987 साली नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, पुण्यापासून निघून तिकडे गेला. बारामती, इंदापूर पुण्यातच राहिले. ज्या घरांची मुळे नगरकडची आहेत, त्यांच्या आजा-पणजाच्या स्नानसंस्काराची नोंद एका धर्मप्रांतात आणि नातवंडांची दुसऱ्यात, असे झाले. प्रशासनाच्या दृष्टीने विभागणी योग्यच होती. पण इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य आपल्या कपाटातील वह्यांपुढे जात नाही, आणि मग आमचा इतिहास पहिल्या देवळाच्या कोनशिलेपासून सुरू होतो.

या जुन्या वह्यांत मुलाचे नाव, आईबापांची नावे, धर्मपिता व धर्ममाता आणि शेवटी संस्कार देणाऱ्या धर्मगुरूची सही असे रकाने असतात. स्मरणिकेसाठी आजवर उतरवून घेतला गेला तो शेवटचा रकाना. पुढच्या समितीने त्याच्या अलीकडचा रकाना वाचावा. एकाच मास्तरांचे, एकाच आजीबाईंचे नाव तेथे पानोपानी येते काय, कोणत्या सालापासून येते आणि कोणत्या साली थांबते, हे पाहावे. मग वस्तीवरील ऐंशी-नव्वदीच्या माणसांकडे ती नावे घेऊन जावे. त्यांतील काही अजून ओळखतात.