खापराचे वय आणि अक्षरांचे वय

इस्रायलमधील लाखीश या प्राचीन नगराच्या टेकडीवर डिसेंबर २०२२ मध्ये फिरायला गेलेल्या एका गृहस्थांना मातीच्या भांड्याचा लहानसा तुकडा सापडला. त्यावर अरामी भाषेत कोरले होते, 'दारियसचे २४ वे वर्ष'. म्हणजे पहिल्या दारियसच्या कारकिर्दीतले, इ. स. पू. ४९८. तेथील पुरातत्त्व खात्याने १ मार्च २०२३ रोजी हा शोध थाटात जाहीर केला आणि दोनच दिवसांनी मागे घेतला. आदल्या ऑगस्टमध्ये तेथील उत्खननात सहभागी झालेल्या एका परदेशी विदुषींनी कळवले, की प्राचीन लोक खापरावर कसे कोरत हे विद्यार्थ्यांना दाखवताना ती अक्षरे आपणच कोरली होती. तुकडा तेथेच राहून गेला.

या फजितीवर हसणे सोपे आहे. खापर प्रयोगशाळेत तपासले होते आणि ते प्राचीन ठरले होते. तो निष्कर्ष आजही बरोबरच आहे! चूक झाली ती विचारलेल्या प्रश्नात. खापर तापवून त्यातून निघणारा प्रकाश मोजण्याची थर्मोल्युमिनेसन्सची पद्धत घेतली, तरी भांडे भट्टीत केव्हा भाजले एवढेच ती सांगते. ओल्या मातीत रेघ ओढली तर कडांना माती वर सरकते. भाजलेल्या खापरावर ओढली तर कडा तुटक निघतात. अशी तुटक रेघ भाजणीनंतरच्या कोणत्याही शतकातली असू शकते. मग पाहायचे ते खाचेत बसलेले पुट आणि तुकडा ज्यातून निघाला तो थर. येथे तुकडा पृष्ठभागावर पडलेला. थराची साक्ष नव्हतीच.

याच लाखीशला १९३५ मध्ये जेम्स स्टार्की यांना शाईने लिहिलेली खापरे मिळाली, ती नगरद्वाराजवळच्या खोलीत, जळिताच्या थरात. त्यांच्या काळाबद्दल बोलताना बाबिलोनच्या स्वारीत जळालेल्या नगराचा आधार होता.

मला खटकते ते हे, की चूक कोणत्याही चाचणीने पकडली नाही, कबुलीने पकडली. त्या बाई गप्प राहिल्या असत्या, तर तो तुकडा आज एखाद्या संग्रहालयात काचेमागे असता.

शिक्षकांनी वर्गात मंगलोरी कौलाचा तुकडा आणावा. भाजण्यापूर्वी उठवलेला कारखान्याचा छाप आणि खिळ्याने आत्ता ओढलेली रेघ मुलांना भिंगातून शेजारी शेजारी दाखवावी. तास संपल्यावर मात्र तो तुकडा मैदानात टाकू नये.