मराठी बायबलमधील ‘नरक’ : एका शब्दाची चिकित्सा

प्रस्तावना

बायबल मराठीत येऊन दोन शतकांहून अधिक काळ लोटला आहे. बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या प्रयत्नाने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत छापला गेला. पुढे या ग्रंथाची अनेक भाषांतरे झाली, त्यांतून ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा एक स्वतंत्र प्रवाह निर्माण झाला. या प्रवाहाचा विचार करताना भाषाशैली, धर्मांतर व समाजसुधारणा या अंगांनी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र मरणोत्तर जीवनाविषयीची बायबलची शिकवण मराठीत येताना कोणत्या शब्दांवर स्वार होऊन आली, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. ‘नरक’ हा शब्द या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तो भाषांतरकाराने घडविलेला नाही. मराठी वाचकाच्या मनात तो आधीपासूनच अर्थासह वसलेला होता. त्या जुन्या अर्थाने नव्या शिकवणुकीला किती साहाय्य केले व किती अडथळा आणला, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मूळ संज्ञा व त्यांचे अर्थ

बायबलमध्ये नरकाविषयी एकच एक संज्ञा नाही. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत ‘शेओल’ हा शब्द सुमारे ६५ वेळा येतो. शेओल हे शिक्षेचे ठिकाण नसून मृतांचे निवासस्थान आहे. राजा व रंक, सज्जन व दुर्जन सर्वच तेथे उतरतात. उपदेशकाच्या पुस्तकात तर मृतांना कशाचेच ज्ञान उरत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. पापपुण्याचा हिशेब मरणानंतर होतो ही कल्पना जुन्या करारात उशिरा येते. दानिएलाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मृतांपैकी काहींचे सार्वकालिक जीवनासाठी व काहींचे अप्रतिष्ठेसाठी उठणे वर्णिले आहे; पुनरुत्थानाचा हा जुन्या करारातील सर्वांत स्पष्ट उल्लेख होय.

हिब्रूतून ग्रीक भाषांतर होताना ‘शेओल’साठी ‘हेडीस’ हा शब्द योजला गेला. नव्या करारात त्याच्या जोडीला ‘गेहेन्ना’ हा तिसरा शब्द येतो. तो १२ वेळा आला असून त्यांपैकी ११ वेळा येशूच्याच तोंडी आहे. गेहेन्ना हे मुळात एका प्रत्यक्ष जागेचे नाव आहे. यरुशलेमेच्या दक्षिणेस हिन्नोमचे खोरे आहे. तेथे मोलख दैवतासाठी मुलांना अग्नीत अर्पण केले जात असे. योशिया राजाने ती जागा भ्रष्ट करून ही प्रथा मोडली आणि यिर्मया संदेष्ट्याने त्या खोऱ्याला संहाराचे खोरे म्हटले. येशूच्या काळी तेथे नगराचा कचरा सतत जळत असे, हे स्पष्टीकरण आजही प्रवचनांतून ऐकू येते. तथापि त्याचा आधार इ. स. १२०० च्या सुमारास होऊन गेलेल्या डेव्हिड किम्ही या ज्यू भाष्यकाराच्या विधानात आहे; प्राचीन पुरावा त्यामागे नाही. गेहेन्नाची दाहकता उकिरड्यातून आलेली नसून निष्पाप मुलांच्या हत्येच्या स्मृतीतून आली आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात मृत्यू व हेडीस ही दोन्ही अग्नीच्या सरोवरात टाकली जातात. म्हणजे हेडीस हे अखेरचे ठिकाण नाही. त्याचाही अंत होतो. हे तीन शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत, हे यावरून दिसून येते. १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलने मात्र या तिन्हींसाठी अनेक ठिकाणी एकच शब्द वापरला व त्यामुळे इंग्रजी वाचकांचा दीर्घकाळ गोंधळ झाला.

मराठी भाषांतरातील पर्याय

प्रचलित मराठी बायबलने या बाबतीत जुन्या इंग्रजीपेक्षा अधिक विवेक दाखविला आहे. ‘शेओल’ व ‘हेडीस’ यांसाठी ‘अधोलोक’ आणि ‘गेहेन्ना’साठी ‘नरक’ अथवा ‘नरकाग्नी’ अशी विभागणी त्यात आढळते. मृतांचे स्थान व न्यायाचे स्थान यांतील भेद त्यामुळे मराठी वाचकाला दिसू शकतो. हे या भाषांतराचे मोठेच यश मानावे लागेल.

परंतु हे दोन्ही शब्द रिकामे नव्हते. पुराणांतील अधोलोक म्हणजे अतल, वितल ते पाताळापर्यंतचे सात लोक. ते दैत्य व नागांचे वैभवशाली प्रदेश आहेत. मृतांची छायामय वस्ती नव्हे. ‘नरक’ या शब्दाचा भार याहून अधिक आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरकांची गणना आहे. प्रत्येक पापासाठी वेगळा नरक व वेगळी यातना सांगितली आहे. गरुडपुराणाचे वाचन तर घरात मृत्यू झाल्यावर आजही केले जाते. या परंपरेत नरक कितीही भयंकर असला, तरी तो संपणारा आहे. भोग सरला की जीव पुन्हा जन्म घेतो. कर्माइतकेच फळ, हा तेथील न्याय आहे.

बायबलमधील कल्पनेत पुनर्जन्म नाही. एक जीवन, एक मरण व एक न्याय असा तिचा क्रम आहे. ‘नरक’ हा शब्द उचलताना यातनेचे चित्र मराठीत आले, परंतु काळाचे परिमाण आले नाही. मराठी वाचक त्या शब्दात सुटकेची वाट आपोआप गृहीत धरतो. ख्रिस्ती प्रवचनकार तीच वाट बंद असल्याचे सांगतो. मर्यादित पापाला अमर्याद शिक्षा कशी, हा आक्षेप येथूनच उद्भवतो. तो केवळ हिंदू वाचकाचा आक्षेप नाही. ख्रिस्ती परंपरेतही ऑगस्टीन अनंत शिक्षेचे समर्थन करतो, तर ओरिजेन अखेरीस सर्व काही पूर्ववत होण्याची आशा बाळगतो. कॅथलिक पंथ शुद्धीच्या अवस्थेचा स्वीकार करतो. प्रॉटेस्टंट पंथ तिला नाकारतो. मराठी शब्दाने हा सर्व मतभेद एकाच कप्प्यात कोंबला.

‘ख्रिस्तपुराण’ ते ‘सुबोध बायबल’

या प्रश्नाला सर्वप्रथम भिडलेला मराठी ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ होय. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे ते प्रथम छापले गेले. धर्मांतरित झालेल्या लोकांना आपल्या जुन्या पुराणांच्या जागी काही तरी वाचावयास हवे होते. त्या गरजेतून हा ओवीबद्ध ग्रंथ सिद्ध झाला. स्टीफन्स स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे वापरतात. गोव्याच्या कोंकणी ख्रिस्ती बोलीत नरकाला आजही ‘यमकोंड’ म्हणतात. यम हा न्यायदेवता ख्रिस्ती श्रद्धेत नाही. तरीही त्याचे नाव तिच्या नरकाला चिकटून राहिले. वैकुंठातून विष्णू वजा करावा व यमकोंडातून यम, ही अपेक्षा नवख्रिस्ती श्रोत्याकडून करणे सोपे नव्हते. मात्र हेही मान्य केले पाहिजे की या शब्दांवाचून स्टीफन्स यांचा ग्रंथ मराठी झालाच नसता.

पंडिता रमाबाई यांनी याच्या नेमकी उलट दिशा धरली. हिब्रू व ग्रीक भाषांतून त्यांनी केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रकाशात आले. सामान्य स्त्रियांना कळेल अशी सोपी भाषा आणि हिंदू धर्मकल्पनांचे ओझे नसलेले शब्द हा त्यांचा आग्रह होता. शब्द शुद्ध करण्याचा हा प्रयत्न बौद्धिकदृष्ट्या प्रामाणिक होता. परंतु त्यांचे भाषांतर सर्वत्र रुळले नाही.

नारायण वामन टिळक यांनी तिसरा मार्ग स्वीकारला. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी आरंभिलेले व लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले ‘ख्रिस्तायन’ तसेच त्यांची अभंगरचना यांत भयापेक्षा भक्तीला अग्रस्थान आहे. वारकरी भक्त मोक्षाहून सहवास श्रेष्ठ मानतो. त्या वळणावर टिळकांनी नरकाचा प्रश्न सोडविला नाही, तो गौण ठरविला. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने हा ग्रंथ ख्रिस्तेतर मराठी वाचकांपर्यंत नेला. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, ही मराठवाड्याच्या दृष्टीने लक्षणीय घटना होय.

मराठवाड्यातील वाचक

जळकोट, उदगीर, मुखेड या सीमावर्ती परिसरातील वाचक या शब्दाकडे अनेक परंपरांतून पाहतो. वारकरी कीर्तनातून त्याला काम, क्रोध व लोभ ही नरकाची तीन द्वारे ठाऊक असतात. लिंगायत परंपरेतील बसवण्णांचा विचार आचारालाच स्वर्ग व अनाचारालाच नरक मानतो. निजामी राजवटीत रुळलेल्या दखनी-उर्दूच्या सहवासामुळे ‘जहन्नम’ हा शब्दही येथे रोजच्या बोलण्यात आहे. हा ‘जहन्नम’ व बायबलमधील ‘गेहेन्ना’ एकाच हिन्नोमच्या खोऱ्यातून निघालेले शब्द आहेत. म्हणजे मूळ शब्दाचा भाऊबंद जळकोटच्या बाजारात शतकानुशतके वावरत असताना भाषांतरकारांनी संस्कृतकडे धाव घेतली.

याचा अर्थ आता शब्द बदलावा असा नाही. वाचनाची दिशा बदलावी, एवढाच आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाची कसोटी सांगितली आहे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची शुश्रूषा व बंदिवानाची भेट, एवढेच तेथे विचारले जाते. बसवण्णांच्या आचारविचाराशी या कसोटीचे नाते उघड आहे. त्यामुळे येशूच्या इशाऱ्याची कठोरता कमी होत नाही. ती कोणाला उद्देशून आहे हे मात्र स्पष्ट होते. तो इशारा परधर्मीय पूर्वजांचे भवितव्य ठरविण्यासाठी नसून दाराशी पडलेल्या लाजराला ओलांडून जाणाऱ्या श्रीमंतासाठी आहे.

निष्कर्ष

१. बायबलमधील शेओल, हेडीस व गेहेन्ना या तीन भिन्न संज्ञा असून ‘अधोलोक’ व ‘नरक’ या विभागणीने मराठी बायबलने त्यांतील भेद बऱ्याच अंशी राखला आहे.

२. ‘नरक’ या शब्दाबरोबर पौराणिक यातनांचे चित्र आले. परंतु संपणारा भोग व अंतिम न्याय यांतील मूलभूत अंतर झाकले गेले.

३. स्टीफन्स यांनी शब्द स्वीकारून, रमाबाईंनी शब्द शुद्ध करण्याचा यत्न करून व टिळकांनी भर भक्तीवर देऊन या अडचणीला तीन वेगवेगळी उत्तरे दिली. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचे अध्यापन करताना या तिन्ही भूमिका एकत्र ठेवून अभ्यासल्या पाहिजेत.

४. नरकविषयक वचने त्यांच्या संदर्भासह वाचली असता त्यांचा रोख मृतांच्या नकाशापेक्षा जिवंतांच्या वर्तनाकडे अधिक असल्याचे आढळते. धार्मिक वादात ही वचने शस्त्र म्हणून वापरणाऱ्या आणि त्याच कारणाने ती त्याज्य ठरविणाऱ्या, अशा दोन्ही पक्षांच्या वाचनातून हा रोख निसटतो.