विलगीकरण : जंतूचं आणि माणसाचं

२०२०मध्ये दोन शब्द आपल्या तोंडी बसले. आजाऱ्याच्या संपर्कात आलेल्याचं ‘अलगीकरण’ आणि आजाऱ्याचं ‘विलगीकरण’. कागदावर हा फरक होता. गल्लीत मात्र दोन्हींचा अर्थ एकच झाला : त्या घराकडे फिरकू नका. असं का होतं, ते कुष्ठरोगाच्या उदाहरणावरून पाहू.

प्रयोगशाळेत विलगीकरण म्हणजे अनेक जंतूंतून एक जंतू वेगळा काढून, शुद्ध स्वरूपात वाढवून तपासणं. रॉबर्ट कॉखनं १८८२मध्ये क्षयाच्या जंतूबाबत हे करून दाखवलं. त्याआधी, १८७३मध्ये, नॉर्वेच्या हान्सेननं कुष्ठरोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. पण गंमत बघा, हा जंतू कृत्रिम माध्यमात आजतागायत वाढवता आलेला नाही. पुढे संशोधकांना त्यासाठी उंदराचा तळपाय आणि आर्माडिलो नावाचा प्राणी वापरावा लागला.

म्हणजे जंतू काही विलग झाला नाही. माणूस मात्र लगेच झाला. १८९७च्या बर्लिन परिषदेनं रुग्णांना वेगळं ठेवण्याची शिफारस केली, आणि १८९८मध्ये ब्रिटिश सरकारनं इथे कुष्ठरोग्यांचा कायदा आणला. तो नीट वाचा. त्याचा रोख प्रामुख्यानं निराधार, भीक मागणाऱ्या रुग्णांवर होता, आणि पोलीस त्यांना वॉरंटशिवाय पकडू शकत होते. जंतू काय गरीब-श्रीमंत बघतो? तेव्हा माझा आक्षेप असा आहे की या कायद्यानं शब्द विज्ञानाचा घेतला आणि काम रस्ता ‘स्वच्छ’ दिसण्याचं केलं.

आपल्या भाषेत या कामाला जुना शब्द आहे, वाळीत टाकणं. तो निदान प्रामाणिक आहे, कारण शिक्षा कोण देतंय ते त्यात दिसतं. ‘विलगीकरण’ म्हटलं की शिक्षा उपचारासारखी वाटू लागते. आणि ‘एकांत’ तर तिसरीच गोष्ट. तो माणूस स्वतः निवडतो, नको वाटला की उठून परत येतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१मध्ये बहुऔषधोपचाराची शिफारस केली. हे उपचार सुरू झाले की रुग्णापासूनचा संसर्ग लवकरच थांबतो. म्हणजे वेगळं ठेवायला वैद्यकीय कारण उरलं नव्हतं. तरी १८९८चा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघायला २०१९. औषध आलं, पण माणसाला घरी परत आणण्याची घाई कुणालाच नव्हती.

म्हणून विलगीकरण हा शब्द कानावर पडला की तीन प्रश्न विचारा. नेमकं काय वेगळं करताय? किती दिवस? आणि परत कधी घेणार, हे कोण ठरवणार? प्रयोगशाळेला पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं, चांगल्या रुग्णालयाला तिन्हींचं. ज्याला तिसऱ्याचं उत्तर देता येत नाही, तो विलगीकरण करत नाहीये, वाळीत टाकतोय. त्याला तसंच म्हणा.